ओट्यावरचा झरोका आणि धुळ्याची थंडी

आम्ही जळगावहून धुळ्याला देवपुरात भाड्याच्या घरात आलो, तेव्हा मे महिना होता. ओट्यावरचा हातभर रुंद झरोका पाहून अम्मी खूश झाल्या. "इथं फोडणीचा धूर कोंडणार नाही," म्हणाल्या. डिसेंबर लागला आणि त्याच झरोक्यातून पहाटे असा गार वारा येऊ लागला की फजरच्या वेळी चहा ठेवायला उठणे नको वाटे. स्वयंपाकघराला लागूनच झोपायची खोली. वारा थेट लेकराच्या अंथरुणापर्यंत.

हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत धुळ्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. इथल्या कृषी महाविद्यालयात नोंदवलेले तापमान ५ अंशांच्या आसपास उतरते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसाची ऊब रात्री टिकत नाही. त्यात उत्तरेचा वारा. आमचा झरोका नेमका उत्तरेला होता.

अम्मींनी एका रात्री त्यात गोणपाट कोंबले, वर पुठ्ठा लावला. खोली उबदार झाली. दुसऱ्या दिवशी लेकरासाठी म्हणून घमेल्यात निखारे आणून दार लोटून घेतले. तासाभरात अम्मींचे डोके जड झाले, मळमळू लागले. मी दार उघडून त्यांना अंगणात आणले, घमेले बाहेर ठेवले. थोड्या वेळाने त्यांना बरे वाटले. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस पेंगतो आणि पुन्हा उठत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, असे घरातल्या दोघा-तिघांना एकदम होऊ लागले तर थंडी बाधली असे समजू नका. सगळ्यांना आधी उघड्यावर आणा आणि डॉक्टरांकडे न्या.

म्हणून झरोका कायमचा बुजवायचा नाही. वारा अडवायचा, पण धुराची वाट ठेवायची. आधी वारा नक्की कुठून येतो ते पाहा. पेटलेली अगरबत्ती झरोक्याजवळ, मग खिडकीच्या फटीजवळ धरा. धूर जिथे आत ढकलला जातो तिथून वारा. आमच्याकडे निम्मा वारा खिडकीच्या चौकटीतून येत होता! त्या फटींत जुन्या सुती साडीच्या चिंध्या भरल्या.

झरोक्यात पंखा बसवलेला असेल तर बाहेरून पट्ट्यांची झडप लावता येते. पंखा सुरू झाला की त्याच्या हवेने पट्ट्या उघडतात, बंद झाला की आपल्याच वजनाने मिटतात. पंखा नसेल तर पत्र्याची बिजागरीवाली झडप, उघडायला दोरी. आम्ही हीच करून घेतली. गॅस पेटवण्याआधी दोरी ओढायची, स्वयंपाक झाल्यावर थोडा वेळ उघडी ठेवून मग सोडायची. थर्माकोल मात्र ओट्याजवळ नको, तो चटकन पेट घेतो. झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. दाराखालची फटही बुजवू नका: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो, वरच्या झरोक्यातून जात नाही. आणि गॅस गिझर स्वयंपाकघरात असेल तर झडपेचा विचारच सोडा.

खरे सांगायचे तर सर्वांत मोठा फरक पडला तो दोन खोल्यांमधल्या दारावर लावलेल्या जाड पडद्याने. जुन्या गोधडीचाच केला, शेगडीपासून लांब. लेकराचे अंथरुणही त्या भिंतीपासून हलवले. हे आधीच सुचायला हवे होते.

घरमालकांना विचारूनच काम केले. भिंतीला भोक न पाडता जुन्या लाकडी चौकटीतच पेच बसवले. त्यांची एकच अट होती, उन्हाळ्यात झडप काढायची. ती रास्तच होती. एप्रिल-मेमध्ये खान्देशात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा भाकरी थापणाऱ्या बाईला त्या झरोक्याशिवाय दुसरा आसरा नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तो जानेवारीच्या सुरुवातीला येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर पुन्हा. म्हणजे ऐन थंडीत सहरीचा स्वयंपाक. तोवर आम्ही याच घरात असू की नाही, अल्लाह जाणे. चार पेच काढले की झडप सोबत नेता येते, पडदा तर आपलाच आहे.