गवंड्याला स्पॅनिश कशाला ?

(नभोवाणीवरील भाषण)



परकी भाषा शिकण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा विद्यार्थी उभा राहतो. फार तर एखादा व्यापारी किंवा वकिलातींतला अधिकारी. गवंडी, सुतार, नळ जोडणारा किंवा विजेच्या तारा ओढणारा मनुष्य दिवसाचें काम आटोपून हातांत कोश घेऊन बसला आहे, हें चित्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न आज खरोखरच अशा लोकांपुढें आहे. इंग्रजी बोलणाऱ्या कारागिरानें आपल्या धंद्यासाठीं स्पॅनिश शिकावी काय, आणि शिकल्यास त्याच्या पदरांत काय पडतें ? आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें त्या देशांत स्थायिक झालीं आहेत. त्यांच्या घराचें छप्पर बदलावयास माणसें आलीं, कीं वरून जें बोलणें ऐकूं येतें तें पुष्कळदां इंग्रजी नसतें, हें त्यांच्याकडून आपण ऐकलेंहि असेल.

असें कां झालें तें थोडक्यांत सांगतों. मेक्सिकोशीं झालेल्या युद्धाच्या अखेरीस १८४८ सालीं ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला आणि कॅलिफोर्नियासह फार मोठा मुलूख संयुक्त संस्थानांच्या ताब्यांत आला. म्हणजे त्या भागांत स्पॅनिश ही काल-परवां आलेली पाहुणी नव्हे. इंग्रजीच्या आधींपासून ती त्या घरांत आहे. पुढें दुसऱ्या महायुद्धांत मजुरांचा तुटवडा पडला, तेव्हां १९४२ सालीं मेक्सिकोशीं करार करून शेतीसाठीं, आणि युद्धकाळांत लोहमार्गांसाठींहि, माणसें आणण्यास प्रारंभ झाला. हा प्रघात १९६४ पर्यंत चालला. त्या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. 'ब्रासो' म्हणजे बाहु. बोलावणाऱ्यांना काय हवें होतें तें या नांवांतच आलें : हात हवे होते, त्या हातांमागच्या माणसाला जीभहि आहे, याचा विचार कोणी फारसा केला नव्हता.

आज त्या देशांत घरीं स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या ४ कोटींहून अधिक आहे. इमारतींच्या कामावरील दर तीन कामकऱ्यांपैकीं सुमारें एक लॅटिन अमेरिकी वंशाचा असतो. छपरें घालणें, भिंतींचे तक्ते बसविणें, रंगकाम, सिमेंटचें काम यांत तर हें प्रमाण आणखी पुष्कळ मोठें आहे.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. भाषेचे पुरस्कर्ते या बाबतींत जरा सढळ हातानें आश्वासनें देतात. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत अल्बर्ट सैझ व एलेना झोइडो या अर्थशास्त्रज्ञांना असें आढळलें, कीं दुसरी भाषा येणाऱ्या अमेरिकन पदवीधरांची मिळकत इतरांहून अवघी २ ते ३ टक्क्यांनीं अधिक असते. आणि त्यांतहि स्पॅनिशचा लाभ सर्वांत थोडा. हे झाले पदवीधर. थापी धरणाऱ्या हाताला याहून अधिक मिळेल, असें मानण्यास मला तरी आधार दिसत नाहीं. जो माल बाजारांत मुबलक आहे त्याला भाव येत नाहीं, आणि त्या बाजारांत स्पॅनिश येणारी माणसें मुबलक आहेत.

खर्चाची बाजूहि लहान नाहीं. अमेरिकेचें परराष्ट्रखातें आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवितें. त्या खात्याच्या अनुभवाप्रमाणें इंग्रजी भाषिकाला स्पॅनिश ही सोप्यांतल्या सोप्या भाषांपैकीं एक. तरीहि कामकाजापुरतें प्रभुत्व येण्यास वर्गांतले ६०० ते ७५० तास लागतात. दिवसभर शिडीवर चढउतार केलेल्या माणसानें हे तास कोठून आणावे ? उलट, स्पॅनिशभाषी मजूर इंग्रजी शिकला तर त्याचा फायदा यापेक्षां किती तरी मोठा आहे. नकाशांवरील टिपा, करारपत्रें, घरमालकाशीं व्हावयाची घासाघीस, हें सारें मुख्यतः इंग्रजींतच चालतें. तेव्हां 'स्पॅनिश शिका, मजुरी वाढेल' असें जे सरसकट सांगतात त्यांचें म्हणणें मला पटत नाहीं.

परंतु मजुरीचा हिशेब म्हणजे सारा हिशेब नव्हे. जो कारागीर एकटा काम करून घरीं जातो त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याच्या हाताखालीं चार माणसें आहेत त्याची वेगळी. या दुसऱ्या माणसाचें बहुतेक काम बोलण्याचेंच असतें. त्याला भाषा येत नसेल तर तो कोणा तरी दुभाष्या मजुराच्या तोंडानें बोलतो. तो मजूर एक दिवस आला नाहीं, कीं मुकादम मुका होतो. शिवाय सांगितलेलें काय आणि पोंचलेलें काय, हें त्याला कधीं कळतच नाहीं. घरोघर जाऊन दुरुस्तीचीं कामें करणाऱ्यालाहि भाषेचा उपयोग आहे. कॅलिफोर्निया व टेक्सस या संस्थानांत प्रत्येकीं सुमारें ४० टक्के लोकवस्ती लॅटिन अमेरिकी वंशाची आहे, आणि तेथील एखादी वृद्ध गृहिणी विजेच्या कारागिराला 'से फुए ला लूस' असें सांगते, तेव्हां तिची तक्रार दिव्यापुरती नसते. साऱ्या घराची वीज गेलेली असते. शब्दशः अर्थ 'प्रकाश गेला' असा आहे. आपणहि 'लाईट गेले' म्हणतों तेव्हां पंखाहि बंद पडलेला असतोच कीं !

मात्र या प्रश्नाचा खरा गाभा पैशांत नाहीं, तो जिवाच्या धोक्यांत आहे. संयुक्त संस्थानांत २०२२ सालीं कामावर मृत्यु पावणाऱ्यांचें प्रमाण १ लाख पूर्णवेळ कामकऱ्यांमागें ३.७ होतें, लॅटिन अमेरिकी वंशाच्या कामकऱ्यांत तें ४.६ होतें. त्या वर्षीं या समाजांतले १,२४८ लोक कामावर दगावले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशांत जन्मलेले होते. याचें सारें खापर भाषेवर फोडणें बरोबर होणार नाहीं. उंचावरचीं व जोखमीचीं कामें त्यांच्याच वांट्याला अधिक येतात, आणि ज्याच्या राहण्याच्या कागदपत्रांत कांहीं उणें आहे तो मनुष्य परांची डगमगते आहे हें दिसत असूनहि तक्रार करीत नाहीं. तथापि भाषेचा अडसर त्यांत आहेच. कामगारांच्या सुरक्षिततेसाठीं १९७१ पासून चालत आलेलें जें सरकारी खातें आहे, ज्याला आद्याक्षरांवरून 'ओशा' म्हणतात, त्यानें २०१० च्या एप्रिलांत स्पष्ट केलें, कीं सुरक्षिततेचें शिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेंत व अशा शब्दांत दिलें पाहिजे. आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्या हातांत छापील कागद देऊन मालकाची जबाबदारी संपत नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कारागिरांसाठीं लिहिलेलीं स्पॅनिशचीं छोटीं पुस्तकें पाहिलीं तर त्यांत बहुधा आज्ञार्थाचीच गर्दी असते : हें उचल, तें आण, लवकर कर. जणूं बोलणारा एकच आणि बाकीचे ऐकणारे. परंतु अपघाताच्या वेळीं बहुतेक वेळां ओरडतो तो खालचा मजूर, आणि समजावें लागतें तें मुकादमाला. मेक्सिकन मनुष्य सावध करण्यासाठीं 'आग्वास !' असें ओरडतो. 'आग्वा' म्हणजे पाणी, हें पहिल्याच धड्यांत शिकलेल्या माणसाला वाटेल, कोणाला तरी पाणी हवें आहे. आणि तेवढ्यांत वरून वीट येईल. 'देरेचो' म्हणजे सरळ, आणि 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे. यारीवर लोंबकळणारी तुळई हलवितांना या दोहोंतला फरक एका स्वराचा आहे. 'लार्गो' ऐकून इंग्रजाला 'मोठा' असें वाटतें, पण त्याचा अर्थ 'लांब'. 'रोपा' म्हणजे दोर नव्हे, कपडे. 'एस्कालेरा' म्हणजे शिडी आणि जिनाहि. तेव्हां 'एस्कालेरा तुटली आहे' असें कोणी सांगितलें, तर कोणती, हें विचारावयास हवें.

दुसरी अडचण 'सी' या शब्दाची. 'सी' म्हणजे होय. मुकादम विचारतो, 'समजलें ?' मजूर म्हणतो, 'सी.' तें समजल्याचें होय नसून पुष्कळदां काम न गमावण्याचें होय असतें. आपल्याकडील वर्गांतलीं मुलेंहि मास्तरांना असेंच होय म्हणतात. जाणता मुकादम म्हणून 'एंतिएंदे ?' असें न विचारतां 'एन्सेन्येमे' म्हणतो, म्हणजे करून दाखवा. या क्रियापदाचे अर्थ दोन आहेत, दाखविणें आणि शिकविणें, आणि दोन्ही तेथें लागू पडतात.

आणखी एक बारकावा आपल्याला सहज कळेल, इंग्रजाला कळावयास वेळ लागतो. स्पॅनिशमध्यें 'तु' आणि 'उस्तेद' असे दोन शब्द आहेत. 'तु' म्हणजे आपलें 'तूं', आणि 'उस्तेद' म्हणजे 'आपण'. इंग्रजींत हा भेद उरला नसल्यामुळें नवशिका मनुष्य पन्नाशीच्या गवंड्यालाहि 'तु' म्हणून मोकळा होतो. गवंडी कांहीं बोलत नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं काम मंद होतें. मेक्सिकोंत इमारतीवरील जाणत्या कारागिराला 'माएस्त्रो' म्हणतात. हा शब्द आपल्याला अगदींच परका नाहीं. स्पॅनिशची सख्खी बहीण जी पोर्तुगीज, तिच्यांतल्या 'मेस्त्रे' शब्दावरून आपला 'मिस्त्री' आला. 'पगार', 'चावी', 'घमेलें' हे शब्दहि त्याच वाटेनें आपल्या घरांत शिरले आहेत. स्पॅनिशमध्यें चावीला 'यावे' म्हणतात. मात्र तिथें तोच शब्द पाण्याच्या नळालाहि लावतात आणि पान्यालाहि. आंखडणाऱ्या-पसरणाऱ्या पान्याला तर ते 'इंग्रजी चावी' म्हणतात ! नळकाम करणाऱ्यानें 'यावे' हा शब्द ऐकला, तर काय मागितलें आहे तें त्याला बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहूनच ठरवावें लागतें.

कोशांतली भाषा आणि कामावरची भाषा यांतहि अंतर असतें. पाण्याचा नळ मेक्सिकोंत 'यावे', स्पेनमध्यें 'ग्रीफो', अर्जेंटिनांत 'कानीया'. नळकाम करणारा मेक्सिकोंत 'प्लोमेरो', स्पेनमध्यें 'फोंतानेरो'. त्यांतच अमेरिकेंतल्या मजुरांनीं इंग्रजी शब्दांना आपल्या वळणावर आणून 'ट्रक'चा 'त्रोका' आणि 'रूफ'चा 'रुफो' केला आहे, जसें आपल्या गवंड्यांनीं 'प्लास्टर'चें 'पलस्तर' केलें. शुद्धतेचे अभिमानी याला नाकें मुरडतात. परंतु छपरावर काम करणाऱ्याला त्या छपरावर चालणारा शब्दच उपयोगाचा. म्हणून मला वाटतें, कारागिरानें वर्गांत जाऊन व्याकरणाच्या अभ्यासाला सहाशें तास देण्याऐवजीं दोन-तीनशें शब्द आपल्याच कामावरच्या माणसांकडून शिकावे : प्रथम धोक्याचे, मग दिशांचे, मग हत्यारांचे, आणि आंकडे. आंकड्यांची गोष्ट विशेष आहे. मेक्सिकोंतला मनुष्य शाळेंत मीटर शिकतो आणि अमेरिकेंत येऊन इंचाच्या अष्टमांशांत अडकतो. इंचाला स्पॅनिशमध्यें 'पुल्गादा' म्हणतात, 'पुल्गार' म्हणजे अंगठा यावरून. पण तीन-अष्टमांश अंगठा म्हणजे किती, हें एकदां पट्टीवर बोट ठेवून दाखवावें लागतें.

कोणी म्हणेल, हल्लीं खिशांतला टेलिफोनच भाषांतर करून देतो, मग हा खटाटोप कशाला ? करारपत्र वाचावयास, सकाळीं दिवसाचें काम समजावून सांगावयास तो खरोखरच चांगला. पण हातांत जाड हातमोजे आहेत, शेजारीं काँक्रीट कापणारें यंत्र किंचाळत आहे आणि मनुष्य शिडीच्या वरच्या पायरीवर आहे, अशा वेळीं तो खिशांतच राहतो.

शेवटीं एक अडचण राहते, तिच्याकडे स्पॅनिश शिकविणारे सहसा लक्ष वेधीत नाहींत. ग्वाटेमाला व दक्षिण मेक्सिको येथून आलेल्या पुष्कळ मजुरांची मातृभाषा स्पॅनिश नसतेच. कोणी घरीं किचे बोलतो, कोणी माम, कोणी मिश्तेक. या मूळ रहिवाशांच्या भाषा आहेत आणि स्पॅनिशशीं त्यांचें कसलेंहि नातें नाहीं. अशा मजुरापुढें मोठ्या कष्टानें स्पॅनिश शिकलेला मुकादम उभा राहतो, तेव्हां ते दोघेहि परक्या भाषेंतच बोलत असतात. तिथें सावकाश बोलावें लागतें, वस्तूकडे बोट दाखवावें लागतें, आणि कमरेचा पट्टा खांबाला कसा अडकवावयाचा तें आधीं आपल्याच अंगावर बांधून दाखवावें लागतें.