सांध्यावर सांधा नको

बंगळुरात फ्रेझर टाउनमधल्या, मित्राच्या सासरच्या बंगल्याची भिंत पावसाळ्यात पोपडे टाकू लागली. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदारानं तिला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि ‘आता पन्नास वर्षं बघायला नको’ म्हणून सांगून गेला होता. तो गिलावा उतरवायचं काम निघालं, तेव्हा मी रोज सकाळी तासभर तिथे जाऊन बसायचो. रिकामटेकडेपणा म्हणा हवं तर.

छिन्नी लागली की सिमेंटची खपली विटेची साल घेऊनच खाली यायची. आतली वीट ओली. बोट फिरवलं तर लाल पीठ हाताला. जमिनीतून भिंतीत चढणारं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. सिमेंटनं ती वाट अडवली की पाणी विटेतच मुरतं, क्षार साचतात आणि विटेचा भुगा होतो.

गिलावा उतरला तसे विटांचे रद्दे दिसू लागले. एका रद्द्यात सगळ्या विटा लांबीत निजवलेल्या, वरच्या रद्द्यात सगळ्यांची नुसती तोंडं, पुन्हा लांबी, पुन्हा तोंडं. हा इंग्लिश बाँड. तोंडांच्या रद्द्यात कोपऱ्यातली पहिली वीट अखंड, आणि तिच्या शेजारी लांबीत उभी चिरलेली अर्धी फाक. ती कशाला, असं कामावरच्या मेस्त्रींना विचारलं. त्यांनी दोन बोटं एकावर एक धरून दाखवली. “ती नसेल तर सार, फट वरून खाली सरळ जाईल.” आपले गवंडी पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: सांध्यावर सांधा येऊ देऊ नको.

१८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला. कँटोन्मेंटमधली दाटी कमी करण्यासाठी मग नव्या वसाहती आखल्या गेल्या, त्यांतलीच फ्रेझर टाउन ही १९१० ची. नाव ब्रिटिश रेसिडेंट स्टुअर्ट फ्रेझर यांचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे शिक्षक ते हेच. पुढे त्यांनी म्हैसूरच्या कृष्णराज वाडियारांनाही शिकवलं.

रस्त्यावरून बघणारा या घराला ‘इंग्लिश’ म्हणतो ते मुख्यतः खिडक्यांवरच्या टोकदार लाकडी टोप्यांमुळे. बारीक उभ्या पट्ट्यांची ती नक्षीदार झालर, तिला इथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. दिसायला गोड, उन्हापावसाला आडोसा म्हणूनही बरी. पण माझ्या मते घराचा खरा कस छपरात आहे, आणि छप्पर अस्सल दक्षिणी आहे.

एका खोलीच्या छपराचा कोपरा नव्यानं बांधावा लागला म्हणून ते काम बघायला मिळालं. याला मद्रास छप्पर म्हणतात. सागाच्या कड्यांवर इंचभर जाडीच्या छोट्या विटा उभ्या कडेवर, कड्यांशी तिरक्या लावत जायच्या. कोपऱ्यातून सुरुवात. खाली फळ्यांचा आधार नाही. चुना फासलेली वीट आधीच्या विटेला दाबून धरायची, क्षणभर थांबायचं, हात काढायचा. मी श्वास रोखून बघत होतो. मेस्त्री मात्र मोबाइलवर बोलत होते. वर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर पसरून दोन बाया लाकडी फळकुटांनी ठोकत बसल्या. सगळा दिवस तोच ठेका, आणि दुसऱ्या दिवशीही.

अंगणातल्या खड्ड्यात चुना विझवलेला होता. कन्नडमध्ये तो ‘सुण्णा’, आणि गवंडीकामाला ‘गारे केलस’. आपल्या ‘गाऱ्या’चं हे नातं ऐकून मला उगाच घरच्यासारखं वाटलं. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, वाफा सोडतो. मग त्यात वाळू, विटांची सुरखी आणि काही दिवस आंबवलेलं हिरड्याचं व गुळाचं पाणी. वास आंबूस, मुंग्यांची रांग ठरलेली. मेस्त्री थापीवर थोडा चुना घेऊन थापी उलटी करायचे. चुना चिकटून राहिला तर काम पुढे, पडला तर पुन्हा मळणी.

आता भिंतीला नवा चुना लागलाय. तो हवा खात महिनोन्‌महिने घट्ट होत जाईल, म्हणून सध्या रोज तीनदा पाणी मारणं चालू आहे. तुमचंही असं जुनं विटांचं घर असेल आणि कुणी सिमेंटची गोणी घेऊन दारात आलं, तर आधी भिंत हातभर खरवडून बघा. आत चुना निघाला तर गोणी परत पाठवा.