कार्डाला विचारा

‘ओ सर, सकाळपासून बिलंच निघंना झालीत बघा.’ सोलापुरातल्या सात रस्त्यावरच्या एका टॉवेल व्यापाऱ्याच्या ऑफिसातून फोन आला म्हणून गेलो. लिनक्स सर्व्हरवर वरवर सगळं आलबेल होतं. आत चार डिस्क, पण लिनक्सला दिसते ती एकच. मध्ये या चारींची एकच डिस्क करून दाखवणारं रेड (RAID) कार्ड बसलेलं असतं आणि आतली भांडणं ते बाहेर कळू देत नाही. म्हणून थेट कार्डालाच विचारायचं. त्यासाठी स्टोरसीएलआय हा प्रोग्राम आहे.

उत्तर आलं : अ‍ॅरे (डिस्कचा गट) डिग्रेडेड, स्लॉट दोनमधली एक डिस्क फेल. शिवाय कार्डाची बॅटरीही गेलेली. बिलं अडकण्यात बॅटरीचा हात मोठा. बॅटरी धड असली की कार्ड डेटा आपल्या मेमरीत घेतं आणि ‘लिहिलं’ म्हणून मोकळं होतं. ती गेली की वीज गेल्यावर मेमरीतलं पुसलं जाईल, म्हणून कार्ड दर वेळी डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते. सर्व्हर मात्र इथं सर्रास जिन्याखाली ठेवतात!

‘स्लॉट दोन ना? काढतो,’ म्हणत मालकांचा मुलगा पुढे सरसावला. त्याला थांबवलं. कार्ड शून्यापासून मोजतं. त्याचा स्लॉट दोन म्हणजे आपली तिसरी डिस्क. इथली अ‍ॅरे रेड ५ची. त्यात एक डिस्क गेली तर तिचा मजकूर उरलेल्या तिन्हींवरून गणितानं काढता येतो. दुसरी हलली की सगळंच बसलं.

आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला. मग लोकेटची आज्ञा दिली, तिसऱ्या डिस्कचा दिवा लुकलुकला, तेव्हा कुठे ती ओढली आणि नवी बसवली. रिबिल्ड सुरू झालं. त्यात उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि वर्षानुवर्षं न वाचलेल्या कोपऱ्यात खराब सेक्टर निघाला तर तेवढा मजकूर गेलाच. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं भरली तरी सुमारे साडेसात तास. बिलिंग चालू असेल तर आणखी जास्त.

हे कोपरे अधूनमधून वाचून पाहायला बऱ्याच कार्डांत ‘पॅट्रोल रीड’ असतं, ते चालू ठेवा. आणि डिस्क गेल्यावर कार्ड भोंगा वाजवतं. कटकट नको म्हणून तो कुणी बंद करून ठेवला असेल, तर आजच चालू करून घ्या.