मोठ्या गाडीची बॅटरी केवढ्याला पडते?

अलीकडे आपल्या गावांतूनही मोठाल्या जर्मन गाड्या दिसू लागल्या आहेत. सगळ्याच काही नव्या नसतात बरं का! सात-आठ वर्षं वापरलेली अशी गाडी नव्या देशी गाडीच्या किमतीत मिळते आणि मग घरातल्या पुरुषमंडळींना राहवत नाही. गाडी स्वस्त मिळाली हे खरं, पण तिचे सुटे भाग काही स्वस्त होत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

माझ्या नणंदेकडे, सोलापूरला, अशीच गाडी आली. यंदा मे महिन्यात आठवडाभर दारात उभी होती. लग्नाला निघायच्या सकाळी बटण दाबलं तर आतला दिवासुद्धा लागेना. वर्कशॉपनं खर्च सांगितला ४६,००० रुपये. "बॅटरीच म्हणताय ना? इंजिन नाही ना?" वन्संनी दोनदा विचारलं म्हणे. भाचीच्या क्लासच्या फीचा पहिला हप्ता जवळपास तेवढाच होता आणि तो पंधरा दिवसांवर आला होता.

आपल्या साध्या गाडीची बॅटरी जुनी देऊन चार-सहा हजारांत येते. मग इथेच एवढे का? मी शाळेत इतिहास शिकवते, विज्ञान नव्हे. पण वन्संसाठी चौकशी केली तेव्हा गोष्ट तशी अवघड वाटली नाही.

या गाड्यांत बहुधा 'एजीएम' जातीची बॅटरी असते. तिच्यातलं आम्ल मोकळं नसून काचेच्या तंतूंच्या गादीत मुरवलेलं असतं. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारं इंजिन, कॅमेरे, पडदे, गरम-गार खुर्च्या यांचा भार तिला पेलायचा असतो. कित्येक गाड्यांत ती पुढे नसून मागे डिकीत बसवलेली असते. शिवाय गाडीतला संगणक बॅटरीच्या वयानुसार तिला वीज पाजतो. काही गाड्यांत नवी बसवली की तसं त्या संगणकाला यंत्र जोडून कळवावं लागतं. ते केलं नाही, तर नव्या सुनेला म्हातारीचं पथ्य दिल्यासारखं होतं आणि नवी बॅटरी लवकर थकते. पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवणं म्हणूनच महागात जातं.

वर्कशॉपवाले लुबाडत होते असं मी म्हणणार नाही. कंपनीच्या शिक्क्याची वस्तू, मजुरी, कर, सगळं त्यात होतं. पण गाडीची हमी संपलेली असेल तर तिथेच जायला हवं असं नाही. वन्संनी गावातल्या बॅटरीच्या मोठ्या दुकानात जाऊन तीन गोष्टी विचारल्या : दोष बॅटरीतच आहे की तिला वीज पुरवणाऱ्या आल्टरनेटरमध्ये? हीच जात, हीच क्षमता मिळेल का? आणि संगणकाला कळवायचं काम कोण करणार?

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. इंजिन बंद ठेवून काही तासांनी मीटर लावला, तर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; १२च्या आसपास आली की ती रिकामीच समजायची. इंजिन चालू असताना आकडा चौदाच्या घरात जायला हवा. तो गेला नाही, तर नवी बॅटरीही चार दिवसांत झोपणार. वन्संकडे आल्टरनेटर ठणठणीत निघाला. त्याच क्षमतेची एजीएम, बसवणावळ आणि संगणकाचं काम मिळून २४,५०० रुपये झाले. जुनी बॅटरी दिल्याची सूट त्यात धरली होती. फीचा हप्ता वेळेवर गेला.

आता ही गाडी उभी राहूनच जास्त खर्च का करते, ते ऐका. कुलूप लावलं तरी तिचा भोंगा, किल्ली ओळखणारी यंत्रणा जागीच असतात आणि थेंबथेंब वीज पितात. मंडईपर्यंत जाऊन परत येण्यानं ती भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास फिरवावी. दारापाशी प्लग असेल तर आपोआप थांबणारा चार्जर काही हजारांत मिळतो. मात्र तो एजीएमला चालतो ना, हे डब्यावर वाचून घ्यावं. आपल्याकडच्या उन्हात तीन ते पाच वर्षं टिकली तरी पुष्कळ. म्हणून जुनी गाडी घेताना टायर पाहतो तशीच बॅटरीवरची तारीख पाहावी आणि ती जुनी असेल तर किंमत ठरवतानाच तेवढे पैसे कमी करून मागावेत.

जुनी बॅटरी मात्र दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, चार पैसे जास्त देत असला तरी. आत शिसं आणि आम्ल असतं. उघड्यावर फोडलं की ते मातीत आणि पोराबाळांच्या अंगात जातं. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा दुकानातच द्या आणि तिची किती किंमत वजा केली, तो आकडा बिलावर वेगळा लिहून घ्या.