कॉर्डलेसच्या वाट्याचं आकाश

‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटातल्या रेक्स हॅरिसनच्या टायकडे जरा निरखून पाहा. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवायला हा नट राजी नव्हता, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्षच गाणार म्हणून अडून बसला. मग टायच्या आड माइक दडवला आणि कपड्यांत ट्रान्समीटर. आज न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एकेका संगीत नाटकात असे डझनावारी कॉर्डलेस माइक एकाच वेळी चालू असतात, केसांत, टोपाखाली, घामाने भिजलेल्या कमरपट्ट्यात. त्यांना लागणारी हवेतली जागा मात्र त्यांच्या मालकीची कधीच नव्हती.

ही जागा टीव्हीची. एका शहरात सगळेच चॅनल वापरले जात नाहीत. शेजारच्या शहराशी टक्कर नको म्हणून काही रिकामे ठेवावे लागतात. त्या रिकाम्या खोल्यांत माइक पोटभाडेकरूसारखा राहिला, तोही बराचसा बिनकरार. अमेरिकेत परवाना मुळात प्रसारणकर्ते, चित्रपट निर्माते अशा मोजक्यांनाच मिळे. म्हणजे चर्च, शाळा आणि नाटकवाले वर्षानुवर्षे जे वापरत होते ते कायद्याच्या काटेकोर भाषेत बेकायदा होतं! कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणाला त्रास नव्हता.

मग मोबाइल आला. टीव्ही डिजिटल होऊन आक्रसला आणि मोकळी झालेली जागा विक्रीला निघाली. जून २०१० मध्ये माइकांना ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा सोडावा लागला. अनेकांनी ६०० मध्ये चालणारे नवे सेट घेतले. २०१७ मध्ये त्याच पट्ट्याचा लिलाव संपला, सुमारे १९.८ अब्ज डॉलरना. १३ जुलै २०२० ही बाहेर पडायची शेवटची तारीख. जागा सोडणाऱ्या टीव्ही केंद्रांना १० अब्जांहून अधिक मिळाले. माइकवाल्यांना छदामही नाही. ब्रिटनने निदान जुन्या यंत्रांपोटी अंशतः भरपाई दिली.

माइक दाटीवाटीने का बसवता येत नाहीत? एकेक माइक जेमतेम २०० किलोहर्ट्झ अडवतो, पण ५०० आणि ५०१ मेगाहर्ट्झवरचे दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून ४९९ आणि ५०२ वर भुतं उभी राहतात. म्हणून प्रयोगाआधी ध्वनियोजक संगणकावर या भुतांची जुळणी मांडून बसतो. ‘वाय-फायच्या पट्ट्यात जा ना’ असं सुचवणाऱ्यांनी प्रेक्षागृहातले हजार फोन मोजावेत. शिवाय लहरी जितक्या आखूड, तितकं माणसाचं शरीर त्यांना जास्त अडवतं. नट पाठमोरा झाला की आवाज तुटण्याची भीती. आणि तुटलेला शब्द फोनवर पुन्हा पाठवता येतो, रंगमंचावर नाही.

तोड म्हणून आता नवी प्रणाली आली आहे: अनेक माइकांचे आवाज एकत्र गुंफून एकाच रुंद पट्ट्यातून पाठवायचे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला परवानगी दिली, एका मेगाहर्ट्झमध्ये किमान तीन आवाज बसवण्याच्या अटीवर. मोठ्या निर्मात्यांना हे परवडेल. पण परवान्याची दारं आयोगाने २०१४ मध्ये रुंद केली ती नेहमी पन्नास किंवा अधिक माइक वापरणाऱ्यांसाठी. वीस माइकांवर नाटक करणारी गावातली मंडळी तशीच उघड्यावर राहिली. मला हे उफराटं वाटतं. लिलावात पैसा मोजता येतो. एका सभागृहापुरती, तीन तासांपुरती लागणारी जागा कोण मोजणार? तिला देशभराचा हक्क नकोच, ठरल्या वेळी खात्री हवी.

युरोपातही प्रश्न मिटलेला नाही. २०२३ च्या दुबईतल्या जागतिक रेडिओ परिषदेत ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झवर टीव्हीचा अग्रहक्क तिथे टिकला, पण २०३१ मध्ये हा विषय पुन्हा पटलावर येणार आहे.

भारतात २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ जिओने घेतला. ६०० चा पट्टाही प्रथमच विक्रीला होता; त्याच्यावर एकही बोली लागली नाही. आपल्याकडचे कितीतरी कॉर्डलेस सेट याच भागात चालतात. नवा सेट घेताना दुकानदाराला आधी फ्रिक्वेन्सी विचारावी, किंमत नंतर.