'धा'चा 'ता' होऊ नये म्हणून



स्नेहसंमेलनाचे ध्वनिमुद्रण आता आपण सर्वांच्या मोबाइलवर पाठवतो. ते ऐकून पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात. गाणे स्वच्छ आहे, टाळ तर जरा जास्तच स्वच्छ आहेत, मग पखवाज गेला कुठे? डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा का वाजतो? बँड पथकातल्या मोठ्या ड्रमचा नुसता 'टप टप' का येतो? शाळेचा माइक बिघडला आहे, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. माइक बिघडलेला नाही. तो बोलण्यासाठी बनवलेला आहे आणि आपण त्याच्याकडून खर्ज मागतो आहोत. यंदा शाळेला खर्जाच्या वाद्यांसाठी एक माइक घ्यायचा आहे, म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

तबला शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच महिन्यात कळते की 'धा' हा दोन हातांचा बोल आहे. उजव्या हाताचा 'ता' आणि डाव्या हाताचा 'घे' एकत्र पडला की 'धा' होतो. मुद्रणात डग्गा आलाच नाही तर 'धा'चा 'ता' होतो आणि 'धिं'चा 'तिं'. ही बाब किरकोळ नाही. तीनतालात खाली कुठे आहे हे आपल्याला कशावरून कळते? तिथे डग्गा गप्प होतो, यावरून. ज्या मुद्रणात डग्गा मुळातच गप्प आहे, त्यात सोळाही मात्रा खालीसारख्या ऐकू येतात. आजची मुले रियाझासाठी मोबाइलवरची मुद्रणे लावतात आणि जे ऐकू येते तेच हाताने काढू पाहतात. उजवा हात तयार आणि डावा नुसता सोबतीला, अशी मुले आता बरीच दिसतात. सगळा दोष मोबाइलचा नाही, पण थोडा नक्कीच आहे.

आता थोडे विज्ञान. आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने होतात, ती त्याची वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. (माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे वारंवारतेला 'आवृत्ति' म्हणतात. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते. नववीच्या वर्गात हा शब्द तोंडून गेला की मुले अजून हसतात.) माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. पायाने वाजवायचा किक ड्रम साधारण ५० ते १०० यांच्या दरम्यान घुमतो. डग्ग्याचा घुमारा १०० च्या आसपास असतो आणि मनगटाच्या दाबाने तो वरखाली सरकतो.

बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी केलेल्या माइकमध्ये हा खालचा भाग मुद्दाम कमी ठेवतात. त्याला कारण आहे. बहुतेक माइक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतात. अशा माइकचा एक स्वभाव असतो : आवाजाचे उगमस्थान जवळ आले की खर्ज फुगतो, दूर गेले की ओसरतो. वक्ता माइक ओठांना लावून बोलतो, तेव्हा खर्ज फुगून शब्द घोगरे होऊ नयेत म्हणून बनवणारे आधीच खालचा भाग उतरता ठेवतात. जगभर व्यासपीठावर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ सालचा माइक घ्या. कागदावर त्याचा पल्ला ५० ते १५,००० हर्ट्झ आहे, पण आलेख पाहिला तर १०० च्या खाली रेघ उतरणीला लागलेली दिसते. गाणाऱ्याच्या ओठांजवळ ती तूट भरून निघते. तोच माइक पखवाजापासून दोन-तीन फुटांवर उभा केला तर भरून निघत नाही.

यातून बिनखर्चाचा पहिला उपाय निघतो. आहे तोच माइक डग्ग्याच्या चार-सहा बोटे जवळ न्या. फरक इतका पडतो की पुष्कळांना नवा माइक घ्यावासा वाटत नाही. मात्र वादकाचा हात त्यावर आपटणार नाही आणि आवाज फाटणार नाही, एवढे पाहावे लागते.

माइक हा शब्द आपण एकच वापरतो, पण आत दोन वेगळी यंत्रे असतात. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. हा दणकट असतो आणि ढोलाचा जबरदस्त आवाजही सोसतो. कंडेन्सर माइकमध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि बहुधा त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. तो बारकावे छान टिपतो, पण मोठ्या आवाजाजवळ ठेवला तर काही कंडेन्सर माइकचा आवाज फाटतो. रिबन माइक नावाचा तिसरा प्रकार शाळेच्या कामाचा नाही. हवेच्या एका झोतात त्याची पट्टी खराब होऊ शकते.

पाश्चात्त्य स्टुडिओत किक ड्रमसाठी वेगळे माइक वापरले जाऊ लागले, त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा डी १२ हा १९५३ साली निघाला. १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या जेफ एमरिक या तरुण अभियंत्याने ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ आणला. तेथील नियमात ते बसत नव्हते. पण तो घट्ट, छातीवर बसणारा ठोका लोकांना आवडला आणि पुढे सर्वांनीच उचलला. डी १२ च्या वंशातला डी ११२ हा १९८६ साली आला. त्याची सुधारित आवृत्ती (ही मराठीतली!) आजही विकली जाते. शुअरचा बीटा ५२ए हाही याच कामाचा, पल्ला २० ते १०,००० हर्ट्झ.

आता दुकानात गेलात तर हेच माइक समोर ठेवतील. बँडच्या मोठ्या ड्रमला किंवा बास गिटारच्या स्पीकरला ते उत्तम आहेत. पखवाजाला आणि डग्ग्याला मात्र डोळे मिटून घेऊ नयेत, असे माझे मत आहे. या माइकचा आलेख पाहा : खालचा भाग उचललेला, मधला दाबलेला, आणि वर ३,००० ते ५,००० च्या आसपास पुन्हा उंचवटा. किक ड्रमला एवढेच हवे असते, खालचा धक्का आणि वरचा टकटकाट. आपल्या वाद्यांचे बोल मधल्या भागातही असतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह दाखवून दिले होते की शाईमुळे तबला-मृदंगासारख्या वाद्यांचे वरचे स्वर मूळ स्वराशी सुरेल पटीत बसतात. साध्या ढोलकाड्याच्या ड्रमचे तसे नसते. म्हणजे आपली वाद्ये नुसता ठोका देत नाहीत, ती सुरात बोलतात. मधला भाग दाबला की ते बोलणे जाते. आणि स्वेटरची युक्ती तर इथे अजिबात नको. त्यांना घुमारा मारायचा होता, आपल्याला तो राखायचा आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वादक कणीक थापतो, तीच त्याची जुळणी. त्यावर आणखी काही चिकटवू नये.

या कामाला सपाट आलेखाचा, खालपर्यंत जाणारा डायनॅमिक माइक बरा. सेनहायझरचा एमडी ४२१ (१९६०) किंवा इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई २० (१९६८) ही त्यातली नावाजलेली नावे. दोन्ही महाग आहेत. आरई २० ची खासियत अशी की जवळ नेले तरी खर्ज फारसा फुगत नाही, त्यामुळे वादक थोडा हलला तरी आवाज बदलत नाही. एमडी ४२१ वर एक फिरती कडी असते. एका टोकाला 'एम', म्हणजे म्युझिक, आणि दुसऱ्या टोकाला 'एस', म्हणजे स्पीच. कडी 'एस'वर राहिली की एवढा महाग माइकही खर्ज गाळून टाकतो. स्वस्तातल्या अनेक माइकवर आणि मिक्सरवरही असेच खर्ज कापण्याचे बटण असते. नवीन खरेदीच्या आधी आपल्या मिक्सरचे ते बटण पाहून घ्यावे.

जागेचे महत्त्व माइकइतकेच. ५,००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सात सेंटिमीटर, तर ५० हर्ट्झची सात मीटर, म्हणजे एका मोठ्या वर्गाएवढी. म्हणून बंद खोलीत खर्ज सगळीकडे सारखा नसतो. एका ठिकाणी तो फुगतो, चार पावलांवर गायब होतो, आणि कोपऱ्यात नुसता घोंगावतो. मुद्रणापूर्वी वादकाला वाजवत ठेवून खोलीत एकदा फिरून यावे. जिथे आपल्या कानाला बरे वाटते, तिथून सुरुवात करावी.

पखवाजाला दोन तोंडे आणि आपल्याकडे दोन माइक असतील तर एक सावधगिरी हवी. डाव्या तोंडावर थाप पडली की ते कातडे आत जाते आणि आतली हवा उजव्या तोंडाला बाहेर ढकलते. एका माइकला ओढ, दुसऱ्याला ढकल. दोघांचे आवाज मिसळले की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि माइक दोन असूनही आवाज एकापेक्षा बारीक येतो. मिक्सरवर शून्यावर तिरकी रेघ काढलेले एक बटण असते. एका माइकसाठी ते दाबून पाहावे आणि ज्या स्थितीत खर्ज भरीव येतो ती ठेवावी. एकच माइक असेल तर तो समोर, तीन-चार फुटांवर, डाव्या तोंडाकडे थोडा झुकता ठेवावा. ढोल-ताशा किंवा आपल्या हैदराबादचा मरफा मैदानात वाजत असेल तर जवळचे माइक व्यर्थ. उंच स्टँडवर, पथकापासून दूर, फोमचे किंवा केसाळ आवरण घातलेले दोन माइक पुरेत.

आणखी एक शत्रू आहे, आपल्या घरातली वीज. ती ५० हर्ट्झची. तारेचे किंवा अर्थिंगचे काम कच्चे असेल तर मुद्रणात ५० आणि १०० वर गुणगुण येते, म्हणजे नेमकी डग्ग्याच्या घरात. भाषणाच्या मुद्रणातून ती कापून टाकता येते. इथे कापायला गेलो तर डग्गाही जातो. म्हणून साध्या जाड पिनेची लांब तार टाळून तीन पिनांची एक्सएलआर तार वापरावी आणि ती विजेच्या तारांशेजारून नेऊ नये. मुद्रण चालू असताना पंखेही बंद हवेत. उन्हाळ्यात हे सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण.

ज्यांनी जुन्या तबकड्या ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की खर्ज हरवण्याचे दुःख नवे नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेव्हा माइक नव्हताच, कर्ण्यासमोर गावे लागे, आणि कर्ण्याला खर्ज जवळजवळ पकडता येत नसे. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले. त्याआधीच्या मुद्रणांत तबला वाजवणाऱ्यांचा डावा हात आपल्यासाठी कायमचा मुका झाला. सोलापुरात १९१६ साली जन्मलेले आणि पुढे हैदराबादचे झालेले उस्ताद शेख दाऊद खान इथल्या रेडिओवर वाजवत. त्यांना समोर बसून ऐकलेली पिढी आता थकली आहे. पुढच्यांसाठी उरणार ते माइकने घेतले तेवढेच. आपल्या वस्तीतल्या भजनी मंडळांतही दिंडीचा पखवाज वाजवणारे ज्येष्ठ वादक आहेत. त्यांचे मुद्रण करायचे तर ते नीट करावे, म्हणून हा खटाटोप.

मुद्रण करताना आवाजाची पातळी सर्वांत जोरदार थापेला उणे दहा-बारा डेसिबलवर राहील अशी ठेवावी. फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. नुसत्या मोबाइलवर मुद्रण करणार असाल तर पातळी आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करता येते का, ते पाहावे. नाहीतर प्रत्येक थापेबरोबर गाणे बुडी मारते. आणि झालेले मुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर तपासू नये. त्या चिमुकल्या स्पीकरला ६०-७० हर्ट्झ वाजवताच येत नाही. वरच्या स्वरांवरून कान खर्जाचा थोडा अंदाज बांधतो, एवढेच. हेडफोन लावावा. मुलांनीही रियाझाला हेडफोन किंवा घरातला मोठा स्पीकर वापरावा, आवाज बेताचा ठेवून.

खरेदीबाबत : कोठीच्या गुजराती गल्लीत सर्व प्रकारचे माइक मिळतात, पण नावाजलेल्या मॉडेलच्या हुबेहूब नकलाही बाजारात असतात. म्हणून पक्के बिल आणि हमीपत्र असल्याशिवाय शाळा घेणार नाही. घेण्यापूर्वी दोन-तीन माइक शाळेत आणून एकाच पखवाजावर, एकाच अंतरावर तपासायचे आहेत. ज्या पालकांकडे खर्जाला चांगला माइक, पखवाज किंवा मोठा डग्गा असेल आणि जे एक दिवस तो आणू शकतील, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. तपासणी शनिवारी, शाळा सुटल्यावर, संगीताच्या वर्गात होईल. पखवाज आणणाऱ्यांनी कणीक घरून भिजवून आणण्याची गरज नाही. ती व्यवस्था शाळेत केलेली असेल.