हवाई दलात जायचंय? मग इंग्रजीही पक्की करा!

बारामती-इंदापूरकडची कितीतरी मुलं भरतीसाठी पहाटे धावतात. पण हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीत आधी ऑनलाइन परीक्षा असते, धावणं त्यानंतर. १.६ किमी अंतर मुलांनी ७, मुलींनी ८ मिनिटांत पूर्ण करायचं. बारावीवर अर्ज करताना एकूण ५० टक्के लागतात, शिवाय इंग्रजीतही ५०. कितीही जोरात धावलात तरी ही अट सुटत नाही!

निवड झाली की बेळगावजवळ सांबऱ्याला प्रशिक्षण. तिथं पी.टी., कवायत आणि वर्गातले तासही असतात. सेवा ४ वर्षांची. पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम करतात. म्हणून सकाळी धावा, संध्याकाळी इंग्रजी वाचा आणि पुढचं शिक्षण सोडू नका.